फुटस्क्रे उर्फ वेस्टर्न बुलडॉग्ज: शंभर वर्षांत दोनच फ्लॅग, तरी क्लब टिकला कसा?

टार्नीटकर

क्रिकेटचे धागे इथे भरपूर, फुटीवर एकही नाही, म्हणून म्हटलं आपणच काढावा. फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: अंडाकृती बॉल, क्रिकेटचंच मैदान, एका बाजूला १८ जण, चार क्वार्टर, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने मारला की गोल, ६ पॉइंट. बाजूच्या फटीतून गेला की बिहाइंड, १ पॉइंट. बाकी वाचता वाचता कळेल.

मेलबर्नच्या पश्चिमेला येऊन राहिलो आणि ऑफिसात पहिल्याच सीझनला विचारलं गेलं की टीम कुठली. इथे 'कुठलीच नाही' हे उत्तर चालत नाही. पश्चिमेचा क्लब म्हणजे बुलडॉग्ज, म्हणून बुलडॉग्ज, तेव्हा मला माहीत नव्हतं कशात पाय घालतोय ते.

तर फुटस्क्रे. कत्तलखाने, दारूगोळ्याचा कारखाना, पलीकडे सनशाइनला शेतीची अवजारं बनवणारी हार्वेस्टर फॅक्टरी, या सगळ्यात राबणाऱ्या लोकांचा क्लब. १९२४ मध्ये हे लोक धाकट्या लीगमध्ये म्हणजे व्हीएफएमध्ये चॅम्पियन होते. मोठ्या लीगचा म्हणजे व्हीएफएलचा चॅम्पियन एसेंडन. दोघांची एक चॅरिटी मॅच झाली, पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी, आणि फुटस्क्रेने एसेंडनला हरवलं. पुढच्या वर्षी, १९२५ ला, व्हीएफएलने तीन नवे क्लब आत घेतले: फुटस्क्रे, हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्न.

आता हिशेब बघा. एकाच वर्षी आत आलेले तिघे. हॉथॉर्नचे फ्लॅग (प्रीमियरशिपला इथे फ्लॅग म्हणतात) १३, नॉर्थचे ४, आमचे २. १९५४ आणि २०१६. मधे ६२ वर्षं.

१९५४ ला चार्ली सटन कॅप्टन आणि कोच दोन्ही, समोर मेलबर्न, स्कोअर १५.१२ विरुद्ध ७.९ (आधी गोल, मग बिहाइंड) म्हणजे १०२-५१. जॅक कॉलिन्सचे एकट्याचे ७ गोल. टेड व्हिटन २१ वर्षांचा होता. सगळ्यांना वाटलं आता पश्चिमेचं राज्य येणार. राज्य आलं ते हरलेल्या मेलबर्नचं! १९५५ ते १९६० मध्ये त्यांनी पाच फ्लॅग नेले. आणि आम्ही १९५९ ला लॅडरच्या (गुणतक्त्याच्या) तळाला, म्हणजे वुडन स्पून. मग अचानक १९६१ ला व्हिटन कॅप्टन-कोच असताना पुन्हा ग्रँड फायनल, आणि ४३ पॉइंटने हार, कोणाकडून तर हॉथॉर्नकडून. त्यांचा तो पहिला फ्लॅग.

त्यानंतर ५५ वर्षं ग्रँड फायनल नाही. आणि खेळाडू काही कमी नव्हते हो. ब्राउनलो मेडल म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, ते आमच्याकडे दहा जणांनी मिळवलंय. गॅरी डेम्प्सी १९६९ च्या लाराच्या वणव्यात भयंकर भाजला होता, तो परत उभा राहिला आणि १९७५ ला ब्राउनलो घेऊन गेला. केल्विन टेम्पलटनने १९७८ ला एका मॅचमध्ये १५ गोल मारले, १९८० ला ब्राउनलो. पण माझा आवडता किस्सा १९८१ चा. त्या वर्षी ब्राउनलो दोघांत विभागून गेलं: फिट्झरॉयचा बर्नी क्विनलन आणि साउथ मेलबर्नचा बॅरी राउंड. दोघेही आमच्याकडेच वाढलेले. डेम्प्सी नॉर्थला गेला, टेम्पलटन मेलबर्नला. म्हणजे आम्ही तयार करायचे आणि दुसऱ्यांनी मिरवायचे.

माझं म्हणणं असं की या क्लबचं नशीब आणि टीमची ताकद यांचा एकमेकांशी फार कमी संबंध आहे. चांगल्या टीमना काही मिळालं नाही, आणि ज्या टीमकडून कोणी अपेक्षा केली नव्हती तिने सगळं दिलं. मधल्या काळात तर क्लब कागदावर बंदच झाला होता. १९८९ बद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो.

मंदार_नगर

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न, खेळाडू चांगले होते तर जाऊ का दिले? आणि रेलिगेशन नसतं का? तळाला गेलं तर खालच्या लीगमध्ये नाही टाकत?

टार्नीटकर

मंदार, रेलिगेशन नाही. तळाला गेलं तरी पुढच्या वर्षी तिथेच, फक्त आता ड्राफ्टमध्ये नवा पोरगा निवडायचा पहिला मान मिळतो. पण ड्राफ्ट आला १९८६ ला आणि पगारावरची मर्यादा पण त्याच सुमारास. त्याआधी ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे खेळाडू, आणि आपल्याकडे पैसा नाही, मग कोणी चांगली ऑफर दिली की खेळाडू द्यायचा आणि आलेल्या रकमेत बिलं भागवायची. खालच्या लीगमध्ये ढकलत नव्हते हे खरं, पण त्यापेक्षा वाईट करायचे. विलीन करायचे किंवा दुसऱ्या राज्यात पाठवायचे.

पेठेतला_गडी

आयला हे वाचून आमच्या कोल्हापूरची आठवण झाली राव. आमच्याकडं पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार ह्या तालमींच्या फुटबॉल टीमा हैत, शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी पेठ तिकडं. उद्या कोण येऊन म्हणाला की पाटाकडील आणि शिवाजी तोट्यात हैत, एक करून टाकू, निम्मी जर्सी ह्याची निम्मी त्याची, तर तो माणूस बिंदू चौकातनं चालत घरी जाईल का सांगा. म्हणून विचारतो १९८९ ला लोकांनी काय केलं ते सविस्तर लिवा. हार-जीत नंतर.

जुनाट

१९८९ चं मी लिहितो, टार्नीटकर तेव्हा बहुधा शाळेत असतील. :) मी १९८६ पासून इथे आहे, तेव्हा ब्रेब्रुकला एका कारखान्यात होतो.

ऑक्टोबर १९८९. सीझन संपलेला. एक दिवस टीव्हीवर बातमी की फुटस्क्रे आणि फिट्झरॉय एक होणार, नाव फिट्झरॉय बुलडॉग्ज. मेंबरांना कोणी विचारलं नव्हतं. क्लबच्याच बोर्डाने लीगबरोबर बसून ठरवलेलं. कर्ज साधारण पंधरा लाख डॉलरच्या आसपास, आणि लीगचं म्हणणं की मेलबर्नमध्ये क्लब फार झालेत, लीग देशभर न्यायची तर काही कमी करावे लागतील. साउथ मेलबर्नला १९८२ मध्येच सिडनीला पाठवून झालं होतं.

आमच्या कारखान्यात दुसऱ्या दिवशी कोणी काम केलं असेल तर शपथ. युगोस्लाव्ह, माल्टीज, इटालियन, व्हिएतनामी, सगळे होते, निम्म्यांना धड इंग्लिश येत नव्हतं पण ही बातमी सगळ्यांना कळली होती.

मग पीटर गॉर्डन नावाचा तरुण वकील पुढे आला. आयरीन चॅटफील्ड नावाची एक साधी सभासद बाई, तिच्या नावाने सुप्रीम कोर्टात दावा लावला की सभासदांना न विचारता हे करता येत नाही. कोर्टाने विलीनीकरण थांबवलं आणि जेमतेम तीन आठवड्यांची मुदत मिळाली, तेवढ्यात पैसे उभे करा. वेस्टर्न ओव्हलवर, म्हणजे क्लबच्या मैदानावर, सभा झाली, हजारो माणूस. मग डबे. लोक डबे घेऊन सिग्नलला, पबच्या दारात, स्टेशनवर, घरोघर. कारखान्यात शिफ्ट सुटताना गेटवर डबा असायचा. मला फुटीतलं त्या वेळी ओ की ठो कळत नव्हतं पण पैसे टाकले, कारण डबा धरणारा आमचाच फोरमन होता आणि तो रडत होता. एरवी तो आम्हाला रडवायचा.

पैसे जमले. मोठे स्पॉन्सर पण आले नंतर, आयसीआय कंपनीचं नाव जर्सीवर आलं, गॉर्डन अध्यक्ष झाला. पण सुरुवात डब्यातल्या चिल्लरीनेच झाली. आणि पुढच्याच वर्षी, १९९० ला, टेरी व्हीलर कोच असताना टीमने १२ मॅच जिंकल्या आणि ब्राउनलो मिळालं टोनी लिबराटोरेला. लीगमधल्या सगळ्यात बुटक्या खेळाडूंपैकी एक, पावणेसहा फूट तर सोडाच, साडेपाचला पण कमी.

मंदार, तुम्हाला कधी वेळ झाला तर त्या सभेचे फोटो बघा. फुटीचा एक नियम कळायची गरज नाही.

पेठेतला_गडी

काका दंडवत. फोरमन भारी.

हिशेबनीस

सगळ्यांच्या भावना पोचल्या. आता जरा थंड डोक्याने.

डबे हलवून क्लब वाचतो हे ऐकायला छान वाटतं, पण मग फिट्झरॉयचं काय? डबे त्यांनीही हलवले. त्यांचे फ्लॅग ८ होते, म्हणजे तुमच्या चौपट, फक्त शेवटचा १९४४ चा. १९८९ ला फुटस्क्रे वाचला म्हणजे फिट्झरॉयचं लग्न मोडलं आणि त्यांचं कर्ज त्यांच्याच गळ्यात राहिलं. पुढे त्यांनी कर्ज घेतलं ते चक्क नाउरूच्या सरकारी विमा कंपनीकडून, पॅसिफिकमधलं फॉस्फेटवर जगणारं एवढंसं बेट. त्या कंपनीने १९९६ मध्ये वसुली काढली, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बसला आणि क्लबची फुटी ब्रिस्बेनच्या क्लबात विलीन झाली. आणि त्याआधी १९९४ ते १९९६ फिट्झरॉयचं होम ग्राउंड कुठलं होतं? तुमचंच वेस्टर्न ओव्हल! ज्या क्लबात विलीन व्हायला नको म्हणून रान उठवलं तोच क्लब शेवटची तीन वर्षं तुमच्या अंगणात भाड्याने खेळला. ब्रिस्बेन लायन्सने मग २००१, २००२, २००३ सलग तीन फ्लॅग जिंकले आणि अलीकडे २०२४, २०२५ पण.

मुद्दा असा की १९९६ नंतर बुलडॉग्ज टिकले त्याचं श्रेय डब्यांना कमी आणि लीगच्या वाटपाला जास्त आहे. टीव्हीचे पैसे लीगकडे येतात आणि लीग ते क्लबांना वाटते, गरिबाला थोडे जास्त. कारण टीव्हीला विकायला आठवड्याच्या ठराविक मॅच लागतात, आता १८ क्लब म्हणजे ९ मॅच, एक क्लब मेला की गणित बिघडतं. १९८९ ला लीगला मेलबर्नमधला क्लब अडचण वाटत होता, आज तोच मालाचा भाग आहे. आणि २००० पासून डॉकलँड्सच्या स्टेडियमवर खेळणाऱ्या छोट्या क्लबांना त्या करारातून फार काही सुटायचं नाही, घरच्या मॅचलाच कमाई नाही अशी स्थिती. २०१६ ला लीगने स्टेडियम विकत घेतलं तेव्हा कुठे जरा श्वास.

माझे दोन पैसे. डब्यात नाही टाकत.

टार्नीटकर

हिशेबनीस, फिट्झरॉयचा मुद्दा एकदम मान्य आणि बोचरा आहे, आमच्यातले फार लोक तो काढत नाहीत. पण वाटप मिळायला आधी जिवंत असावं लागतं ना? फिट्झरॉयचा बळी १९९६ ला गेला, वाटपाचे चांगले दिवस त्यानंतरचे. तीन आठवड्यांत जे झालं त्याने सात वर्षं मिळाली आणि ती सात वर्षंच कामाला आली.

आता मी म्हटलं होतं की चांगल्या टीमना काही मिळालं नाही, ते लिहितो. १९८५ ला मिक मॉल्टहाउस कोच, प्रिलिमिनरी फायनलमध्ये (म्हणजे सेमीच, ग्रँड फायनलच्या आधीची) हॉथॉर्नकडून १० पॉइंटने हार. १९९२ ला पुन्हा प्रिलिम, पुन्हा हार. मग १९९७. टेरी वॉलेस कोच, समोर अ‍ॅडलेड, हाफ टाइमला पाच गोलच्या पुढे आघाडी. शेवटच्या क्वार्टरमध्ये लिबराटोरेने एक किक मारली, हात वर करून नाचायला लागला, सगळे मिठ्या मारायला लागले, आणि गोल अंपायरने बिहाइंड दिला. मॅच गेली २ पॉइंटने. त्याच वर्षी क्रिस ग्रँटला ब्राउनलोमध्ये सगळ्यात जास्त मतं पडली, पण सीझनमध्ये एका मॅचचं सस्पेन्शन होतं म्हणून मेडल मिळालं नाही. हाच तो ग्रँट, ज्याला पोर्ट अ‍ॅडलेडने प्रचंड पैसे देऊ केले होते आणि एका लहान पोराने 'जाऊ नको' म्हणून पत्रात २० सेंट घालून पाठवले. ग्रँट राहिला, रिटायर झाला तेव्हा ३४१ मॅच.

१९९८ ला पुन्हा प्रिलिम, पुन्हा अ‍ॅडलेड, या वेळी ६८ पॉइंटने धुलाई. दोन्ही वर्षी फ्लॅग अ‍ॅडलेडचा. २००० ला एसेंडनने पूर्ण सीझनमध्ये एकच मॅच हरली, ती आमच्याकडून. त्याचं काय मिळालं? काही नाही. २००३ ला वुडन स्पून. मग रॉडनी ईड आला, २००८, २००९, २०१० तिन्ही वर्षं टीम टॉप फोरमध्ये, तिन्ही वर्षं प्रिलिममध्ये बाहेर. जिलाँग, सेंट किल्डा, सेंट किल्डा. २००९ ची तर ७ पॉइंटने. ब्रॅड जॉन्सन ३६४ मॅच खेळला आणि एकही ग्रँड फायनल नाही, स्कॉट वेस्ट ३२४, त्यालाही नाही.

१९६१ नंतर सात प्रिलिम आणि सातही हरलो. दर वेळी नाणं उडवलं असतं तरी एखादी जिंकली असती.

गार्गी

उशिरा आले धाग्यावर, पण नावाबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून. १९९६ च्या शेवटी फुटस्क्रे काढून वेस्टर्न केलं, डेव्हिड स्मॉर्गन अध्यक्ष असताना. १९९७ ला वेस्टर्न ओव्हलवरच्या लीग मॅचही संपल्या. मी फुटस्क्रेतच राहते, शेजारच्या आजी अजूनही 'फुट्सक्रे' असंच म्हणतात आणि वेस्टर्न म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करतात. मला वाटतं मार्केटिंगच्या दृष्टीने ते बरोबर होतं, मेल्टन, वेरिबी, टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, सगळी वाढ तिकडेच झाली आणि त्यात आपण भारतीय लोक किती ते काही सांगायला नको. पण २०१४ ला क्लबने राखीव टीम स्वतःची उभी केली तेव्हा तिला नाव दिलं फुटस्क्रेच, आणि त्या टीमने पहिल्याच वर्षी व्हीएफएल जिंकली (मोठ्या लीगला आता एएफएल म्हणतात; ही आताची व्हीएफएल, म्हणजे खालची लीग). त्या दिवशी आजींनी केक केला होता.

मैदान मात्र अजून आहे, नाव आता व्हिटन ओव्हल. टेड व्हिटन ३२१ मॅच खेळला, त्याला मिस्टर फुटबॉल म्हणायचे. १९९५ च्या जूनमध्ये प्रोस्टेट कॅन्सरने अगदी शेवटाकडे आलेला, डोळ्यांना दिसत नव्हतं, आणि त्याला गाडीत मुलाबरोबर बसवून एमसीजीवर फेरी मारली. ऑगस्टमध्ये गेला. त्याचा व्हिडिओ मी नवऱ्याला दाखवला, तो सोलापूरचा, फुटी बघत नाही, तो पण गप्प झाला. हॉकिन्स विंग पण आहे तिथे, डग हॉकिन्सच्या नावाने, ३२९ मॅच.

आणि अजून एक फ्लॅग तुम्ही सगळे पुरुष मंडळी सोयीस्करपणे विसरताय!! शीर्षकात दोनच लिहिलंय. २०१८, महिलांची एएफएलडब्ल्यू. पावसात मॅच, ब्रिस्बेनविरुद्ध ६ पॉइंटने. कॅप्टन केटी ब्रेनन सस्पेंड होती म्हणून बाहेर, एली ब्लॅकबर्नने टीम नेली. एएफएलडब्ल्यू सुरू झाली २०१७ ला, पण २०१३ मध्ये एमसीजीवर महिलांची पहिली प्रदर्शनी मॅच झाली ती मेलबर्न आणि बुलडॉग्ज यांच्यात. आधी आपल्या बोर्डावर सुझन अल्बर्टी होत्या, त्यांनी हे लावून धरलं. माझी मुलगी आता ऑसकिकला (लहान मुलांच्या फुटीच्या वर्गाला) जाते आणि तिच्या दृष्टीने बुलडॉग्ज म्हणजे मुलींचीच टीम आहे, मुलं पण खेळतात हे तिला नंतर कळलं.

टार्नीटकर

गार्गी, शीर्षक आता बदलता येत नाहीये, प्रतिसादातच धरा: तीन.

सिडनीकर_अवि

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण २०१६ जवळ येतंय तर बोलायलाच हवं. मी स्वॉन्सचा, म्हणजे सिडनीच्या क्लबचा. त्या ग्रँड फायनलमध्ये फ्री किक २०-८ होत्या, बुलडॉग्जच्या बाजूने २०. परत वाचा. वीस आठ. सगळा देश भावुक झाला होता म्हणून आमच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. आमचा क्लब पण साउथ मेलबर्नचा उचलून आणलेला, १९३३ नंतर थेट २००५ ला फ्लॅग, म्हणजे ७२ वर्षं. दुष्काळाच्या स्पर्धेत पण आम्हीच पुढे. पण आम्ही सिडनीचे म्हणून आमच्यासाठी कोणी डोळे पुसत नाही.

हलके घ्या. (वीस आठ.)

टार्नीटकर

अवि, दहा वर्षं होत आली, पाणी पी. :)

पण २०१६ समजायचं तर २०१४ पासून सुरू करावं लागतं. त्या वर्षीच्या शेवटी कॅप्टन रायन ग्रिफेन म्हणाला मला जायचंय, ते पण जीडब्ल्यूएसला, म्हणजे लीगने पश्चिम सिडनीत पैसे ओतून उभा केलेला नवा क्लब. कॅलन वॉर्डला त्यांनी आधीच नेलेलं. पाठोपाठ कोच ब्रेंडन मॅकार्टनीने राजीनामा दिला, सीईओ पण गेला. बदल्यात जीडब्ल्यूएसकडून टॉम बॉइड आला, आदल्या वर्षीच्या ड्राफ्टचा नंबर एक, ९ मॅच खेळलेला पोरगा, सात वर्षांचा भलामोठा करार. सगळे हसले. कोच आणला ल्यूक बेव्हरिज, हौशी लीगमध्ये सेंट बीड्स मेंटोनला ओळीने तीन वर्षं तीन वेगवेगळ्या ग्रेडमध्ये जिंकून देणारा. अध्यक्ष पुन्हा पीटर गॉर्डन, १९८९ वालाच.

२०१६ ला तिसऱ्याच राउंडमध्ये कॅप्टन बॉब मर्फीचा गुडघा गेला, सीझन संपला. जुलैमध्ये एकाच मॅचमध्ये मिच वॉलिसचा पाय मोडला आणि जॅक रेडपाथचा गुडघा. टीम सातवी आली. सातव्या नंबरवरून कधीच कोणी फ्लॅग जिंकला नव्हता. मग पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला ४७ ने हरवलं. मग हॉथॉर्न, ओळीने तीन फ्लॅग जिंकलेले, त्यांना २३ ने. मग सिडनीत प्रिलिम, समोर जीडब्ल्यूएसच, आमचा जुना कॅप्टन नेलेला क्लब. मेलबर्नहून लोक रात्रभर गाड्या चालवत गेले. ८९-८३. आठवी प्रिलिम, आणि जिंकलो.

ग्रँड फायनल १ ऑक्टोबर, ९९,९८१ माणसं. शेवटच्या क्वार्टरमध्ये अजून काहीही होऊ शकत होतं तेव्हा आमच्या डेल मॉरिसने सिडनीच्या बडी फ्रँकलिनला पाडलं, बॉल सुटला, बॉइडने लांबून मारला आणि तो उड्या मारत मारत खांबांतून गेला. मॉरिस मणक्याला फ्रॅक्चर असताना खेळत होता हे नंतर कळलं. आमच्या जोहानिसनला नॉर्म स्मिथ मेडल, म्हणजे ग्रँड फायनलचा सर्वोत्तम खेळाडू. ८९-६७. टीममध्ये टॉम लिबराटोरे पण होता, १९९७ च्या त्या नाचणाऱ्याचा मुलगा. आणि बेव्हरिजने स्टेजवर मर्फीला बोलावून स्वतःच्या गळ्यातलं कोचचं मेडल त्याच्या गळ्यात घातलं. मर्फीने ते पुढे क्लबला परत दिलं.

बॉइड २०१९ ला २३ व्या वर्षी रिटायर झाला, मानसिक आरोग्याच्या कारणाने. त्या करारावरून त्याच्यावर जे काय लिहिलं गेलं ते वाचून मला लाज वाटायची. तीन गोल मारलेत त्याने त्या दिवशी, सगळा हिशेब फिटला.

जुनाट

त्या संध्याकाळी बार्कली स्ट्रीटवर होतो. फोरमन २०१२ ला गेला. त्याची मुलगी भेटली, तिच्या हातात तोच डबा.

मंदार_नगर

वाचनखूण साठवली! मग त्यानंतर काय? राज्य आलं का या वेळी तरी?

हिशेबनीस

राज्य कसलं. २०१७ ला दहावे, फायनल्समध्ये (सीझनच्या शेवटच्या बाद फेरीत) पण नाहीत. आणि मला इथे टार्नीटकरांच्या मूळ मुद्द्याला एक पुरवणी जोडायची आहे, कारण आकडे फारच विचित्र आहेत.

बेव्हरिज २०१५ पासून कोच आहे आणि २०२५ पर्यंतच्या अकरा सीझनमध्ये टीम एकदाही टॉप फोरमध्ये आलेली नाही. एकदाही नाही. सहावे, सातवे, दहावे, तेरावे, सातवे, सातवे, पाचवे, आठवे, नववे, सहावे, नववे. तरी दोन ग्रँड फायनल. २०१५, २०१९, २०२०, २०२२, २०२४ ला फायनल्समध्ये पोचले आणि पहिलीच मॅच हरले. म्हणजे एक तर लगेच बाहेर नाहीतर थेट ग्रँड फायनल, मधलं काही नाही. ईडची टीम तीन वर्षं टॉप फोरमध्ये राहून तिथे पोचली नाही.

२०२१ तर बघाच. कोविडमुळे सगळं फिरतं, लाँसेस्टनला एसेंडनला हरवलं, ब्रिस्बेनला १ पॉइंटने, अ‍ॅडलेडला जाऊन पोर्टला ७१ ने, आणि ग्रँड फायनल पर्थला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये १९ ने पुढे होते, हरले ७४ ने. ज्यांना १९५४ ला हरवलं त्याच मेलबर्नकडून, आणि त्यांचा १९६४ नंतरचा पहिला फ्लॅग. दुसऱ्याचा दुष्काळ संपवायला बुलडॉग्ज कायम हजर, १९६१ ला पण तेच.

२०२५ ला १४ मॅच जिंकून नववे. बोंटेम्पेलीसारखा कॅप्टन, पुढे सॅम डार्सी २०८ सेंटिमीटरचा (बाप ल्यूक आणि आजोबा डेव्हिड दोघेही याच क्लबचे), लीगमध्ये धो धो गोल मारणारी टीम, आणि फायनल्स घरी बसून बघितल्या. माझ्या मते कोच बदलायची वेळ कधीच झाली. तळातल्या टीमना धुवायचं आणि वरच्यांकडून हरायचं हे नशीब नाही, ही पद्धत झाली.

गार्गी

कोच बदलून काय होतं ते २००३ ला बघितलंय सगळ्यांनी. ६२ वर्षांनी ज्याने फ्लॅग दिला त्याला नववा आला म्हणून काढायचा? मी तरी नाही म्हणणार.

हिशेबनीस

२०१६ च्या पुण्याईवर किती वर्षं? बॅलराटला जाऊन घरच्या मॅच खेळतात, पैसे मिळतात, मेंबर वाढलेत, म्हणजे क्लब आता गरीब म्हणून सवलत मागू शकत नाही. मग अपेक्षा पण वाढवायला हवी.

सिडनीकर_अवि

अंपायर तुमचे असताना कोच कशाला लागतो?

टार्नीटकर

अवि :)) 

हिशेबनीस, मी दोन्हीकडून विचार करून थकलो. मी अजून एक सीझन देईन, डार्सी आणि बोंटेम्पेली एकाच वेळी फिट असलेला सगळा सीझन. तेव्हाही टॉप फोर नाही तर मग तुमच्या बाजूला येतो.

पेठेतला गडी आणि मंदार, भारतातून बघायचं असेल तर वेळ छान आहे, इथली दुपारची मॅच तिकडे सकाळच्या चहाला सुरू होते. पहिली मॅच कॉलिंगवुडविरुद्ध असेल अशी बघा, गर्दी असते आणि हरवायला मजा येते.

पेठेतला_गडी

बघतो की. जर्सी निळी-लाल-पांढरी ना? मग ठरलं. आणि काका, त्या डब्याचा फोटो मिळाला तर टाका हितं.